न चावायचं जेवण

काकानं पट्ट्याभोवती काटेरी तार ओढली आणि त्या दिवसापासून थोरलीच्या खांद्याला सुख म्हणून राहिलं नाही.

पट्टा तो केवढा! चाळीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. दगडगोटे, वाळकं गवत, कडेला तीन झाडं. नांगर तिथं कधी फिरला नव्हता, फिरवला असता तर फाळच मोडला असता. पण मधोमध विहीर होती. तिच्या जिवावर घरचं कांद्याचं रान भिजायचं. आता विहीर तारेच्या आत आणि रान तारेच्या बाहेर. कांदा पोसायचे दिवस, वर कोरडा वारा सुटलेला, आणि पाणी आणायचं ते खालच्या ओढ्यावरून, चढ चढून, कावडीनं.

सकाळच्या अकरा खेपा झाल्या होत्या. कावडीच्या दांड्याखाली तिनं जुन्या लुगड्याची घडी घातली होती, ती ओली होऊन खांद्याला चिकटली होती. पहिल्या दिवशी कातडं लाल झालं, दुसऱ्या दिवशी फोड आले, आज ते फुटले होते. घाम त्यात उतरला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. धाकट्या भावानं दोन खेपा केल्या होत्या. त्याचं असं होतं, की कावड खांद्यावर ठेवली की त्याची कंबर दुखायची, आणि खाली ठेवली की थांबायची.

चढावरून वर आलं की वाट तारेला लागून जायची. काका विहिरीच्या काठावर बसून पाय धूत होता. काही घाई नाही, बोटाबोटांतून, टाचा दगडावर घासून घासून. हा तिच्या बापाचा सख्खा धाकटा भाऊ. बाप जाऊन चौदा वर्षं झाली होती.

"काय गं थोरले, व्यायाम चाललाय?" तो म्हणाला.

ती थांबली नाही. भरल्या कावडीनं थांबलं की पुन्हा पाऊल उचलत नाही.

"अगं, माग की पाणी! काका म्हणून माग, एक घागर देईन."

"आमच्याच विहिरीचं पाणी मी मागू?"

"आमची म्हणे! तुझं काय आहे गं या गावात? नवऱ्यानं नांदवली नाही, भाऊ पोसतोय. ना इकडची ना तिकडची." आणि त्यानं पायांवर आणखी एक तांब्या ओतला. पाणी गवतात जिरून गेलं.

थोरलीनं कांद्याच्या सऱ्यांत घागरी रिकाम्या केल्या. भाऊ पोसतोय! कोण कुणाला पोसतंय ते या खांद्याला विचारा म्हणावं. ती पुन्हा ओढ्याकडे निघाली.

आता तिच्या आईविषयी सांगायला हवं. गावात तिला सगळे हिकमती म्हणायचे, तोंडावर म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. हातात कला होती. फाटक्या कपड्यातून झबलं काढेल, मोडक्या डब्यातून चाळण करेल. अंगणात तिची मातीची भट्टी होती आणि तिच्या भट्टीतल्या पावाला गावात तोड नव्हती. घरात काही घडलं, की आई जेवण घालायची आणि जे घडलं असेल त्याचं जेवण. धाकट्याला पहिला दात आला तेव्हा तिनं पावाच्या कांड्या अशा कडकडीत भाजल्या, की गावातल्या म्हाताऱ्यांचे उरलेसुरले दात त्या दिवशी हलले. त्यानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा पावाचं पीठ तिनं पावलांसारखं कापलं, पाच बोटं काढली, अंगठ्याला नखसुद्धा. छप्पर नवं घातलं तेव्हा चौकोनी, वर कौलांच्या रेघा. लोक हसायचे, पण बोलावणं आलं की हातातलं काम टाकून यायचे.

जेवण घरात नसायचं, अंगणातही नाही. विहिरीजवळ, तीन झाडांखाली. "आपल्या घरची रीत आहे ती," आई सांगायची, "माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलीय." आणि दुसरी रीत अशी, की वाढायचं ते घरच्या लेकीनं. सगळ्यांना वाढून मग मागाहून जेवायचं. थोरलीला लेक म्हणून जन्माला आल्यापासून पळी हातात मिळाली होती. लग्न होऊन गेली तरी सुटली नाही. आई निरोप धाडायची, की घरचं जेवण आहे, वाढायला ये. ती दोन गावं तुडवत यायची. सासू म्हणायची, हिचं लग्न माहेराशीच लावायचं होतं. तरी ती यायची. रीत म्हणजे रीत, असं तिला वाटायचं. आपल्या घरात निदान असं काहीतरी आहे, असं वाटायचं.

दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा आई ओसरीवर बसली होती. पुढ्यात कांद्यांची रांग मांडली होती. धाकटा भिंतीला टेकून होता, त्याची बायको पोराला भरवत होती.

"बस," आई म्हणाली. "गुरुवारी मोजणीदार येतोय. तारेचा निकाल तोच लावणार. मी तालुक्याला जाऊन सगळं विचारून आले."

"कागद तर नाहीच आपल्याकडे."

"कागद त्याच्याकडेही नाही. वाटणी तोंडी झाली होती ना! मग बघतात वहिवाट. सलग दहा वर्षं पट्टा ज्यानं वापरला त्याचा. एक वर्ष जरी मधे रिकामं निघालं तरी सगळं मुसळ केरात. दर वर्षाला बाहेरचा एक साक्षीदार हवा. आणि शेवटी कागदावर नाव एकच लावतात, माणसाचं. घराचं नाव चालत नाही." तिनं धाकट्याकडे बघितलं. "ते याचं लागेल."

"पण वापरलाय कुठं आपण? पीक तर घेतलं नाही कधी."

आई हसली. तिचं ते हसणं थोरलीला ठाऊक होतं, बाजारात भाजीवाला तिनं सांगितलेल्या दरावर आला की ती असं हसायची.

"जेवलोय ना तिथं!" ती म्हणाली. "दरसाल जेवलोय. अख्खा गाव जेवलाय. पिकाचं कोण सांगणार, कुणी पेरलं नि कुणी कापलं? पण खाल्लेलं माणूस नाकारत नाही. हे बघ." आणि तिनं एकेका कांद्यावर बोट ठेवलं. "हे पहिलं वर्ष, तुझं लग्न. साक्षीला लोहार. हे दुसरं, यानं पहिल्यांदा दाढी केली ते. तिसरं छप्पर, सुतार सांगेल. चौथं, याची पहिली कमाई. पाचवं तुझी पोर. सुईण येते म्हणालीय. सहावं याचं लग्न, सातवं..."

"थांब," थोरली म्हणाली. "पाचवं काय म्हणालीस?"

"तुझी पोर. तिचं नाही का घातलं आपण जेवण?"

"ते तू... याच्यासाठी घातलंस?"

"अगं, वर्ष रिकामं चाललं होतं," आई म्हणाली. पाऊस लांबला म्हणावं तशी म्हणाली. "त्या साली घरात काही घडतच नव्हतं. मला तर जेवण गोड लागेना. तेवढ्यात तुझं ते झालं."

थोरलीच्या हातातला घास ताटात पडला. पोरगा तेवढा मचमच आवाज करत खात होता.

पोर नऊ दिवस जगली होती. बाळंतपणाला थोरली माहेरी आली होती, पोर गेली आणि नवरा न्यायला आलाच नाही. सासरहून साधा निरोपही नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, नऊ दिवसांचं ते, त्याचं काय मनाला लावून घ्यायचं, रोप उपटलं गेलं म्हणायचं नि पुढं जायचं. आईच फक्त असं म्हणाली नाही. आईनं भट्टी पेटवली. म्हणाली, या घरात आलेला जीव जेवण घातल्याशिवाय जात नाही, राहिला तरी आणि गेला तरी. पाव भाजला तो असा मऊ, वरचं कवच काढून टाकून, कोमट दुधात भिजवून, मध घालून. विहिरीपाशी गाव बसला तेव्हा आई सगळ्यांना म्हणाली, "पोरीला दात नव्हते. आज कुणी चावायचं नाही." आणि कुणी चावलं नाही. लोहारासारखा लोहार, त्यानंसुद्धा जिभेवर विरघळू दिलं. थोरलीनं पायात बळ नसताना पंगतभर वाढलं होतं. त्या एका जेवणाच्या आधारावर ती सहा वर्षं जगत होती. जगात कुणीतरी माझ्या पोरीला माणूस म्हणालं, आणि ती माझी आई होती, असं ती मनाशी घोकायची.

"आणि सासूच्या सासूची रीत?" तिनं विचारलं.

"सासूच्या सासूला मी बघितलंय कुठं!" आई म्हणाली. "रीत कुणीतरी सुरू करतंच ना? मी केली. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी तुझ्या काकाला ओळखलं होतं. हा माणूस एक दिवस विहिरीवर जाऊन बसणार. तुझा बाप भोळा सांब, भावाच्या शब्दावर विसंबून बसला. भांडून काय झालं असतं? डोकी फुटली असती. म्हटलं, गावाच्या पोटात जागा करून ठेवावी."

थोरली उठली आणि तिनं पायानं कांद्यांची रांग उधळून दिली. एक कांदा गडगडत पोराच्या ताटात गेला. पोर रडायला लागलं.

"मी साक्ष देणार नाही! सांगून ठेवते. माझ्या पोरीचं नाव त्या माणसापुढे काढायचं नाही!"

"तुझी साक्ष कुणी मागितलीय? सुईण सांगेल."

"तिनंही सांगायचं नाही!"

"अगं, काय आकाश कोसळलंय एवढं?" धाकटा म्हणाला. "विहीर मिळाली तर तुझाच खांदा वाचणार ना?"

"तू बोलू नकोस. आधी चार खेपा कर आणि मग तोंड उघड." आणि ती ताट तसंच टाकून गेली.

बुधवारी ती घरात कुणाशी बोलली नाही. कावड उचलायची, उतरायची, भरायची, चढायची. राग असला की खांदा दुखत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. ओढ्यावर सुईण कपडे धूत होती. म्हातारी झाली होती, पाठीला बाक आला होता, पण धोपटणं अजून जोरात चालायचं.

"उद्या यायचंय मला तुमच्याकडे," सुईण म्हणाली. "तुझी आई सांगून गेली."

"येऊ नका, मावशी."

"का गं? जेवले मी तिथं, खोटं थोडंच बोलणारे! इतक्या बायका सोडवल्या मी, इतकी पोरं आली नि गेली, पण गेलेल्या पोराचं जेवण कुणी घातलेलं नाही बघितलं. तू वाढत होतीस नि तुझ्या डोळ्यांचं पाणी थेट माझ्या वाटीत पडत होतं. मी म्हटलं, पडू दे. तसंच प्यायले. माझ्या बाजूला लोहाराची बायको, ती तर हुंदकेच द्यायला लागली."

थोरलीनं घागर पाण्यात दाबली. घागर भरली. मग म्हणाली, "मावशी, त्याच वर्षी दुसरं काही घडलं असतं ना, तर माझ्या पोरीला कुणी विचारलं नसतं."

सुईणीला ते काही समजलं नाही. ती पिळलेलं कापड झटकत राहिली.

गुरुवारी मोजणीदार सायकलवरून आला. किडकिडीत माणूस, मान उन्हानं रापून काळी पडलेली, मागे बांधलेली लोखंडी साखळी खुळखुळत होती. काकानं त्याला विहिरीपाशी स्टूल दिलं, थंड पाणी दिलं, जणू घरचं कार्य आहे. आईनं दिलं नाही. ती म्हणाली, आधी काम होऊ दे, नाहीतर उद्या म्हणतील खाऊ घालून वश केलं. काकाला तो टोमणा बरोबर लागला.

थोरली ओढ्याच्या खेपा करत होती. जायचं नाही म्हणजे नाहीच, असं तिनं ठरवलं होतं. पण वाट तारेलगतच होती, आणि कानावर पडायचं ते पडतच होतं.

पहिली खेप आणली तेव्हा लोहार सांगत होता, की लग्नाच्या जेवणाला तो होता, पण काय खाल्लं ते काही आठवत नाही. "गोड होतं काहीतरी," तो म्हणाला. लोक हसले. दुसऱ्या खेपेला सुतार छपराचं सांगत होता आणि मोजणीदार मान न वर करता लिहीत होता. तिसऱ्या खेपेला काकाचा आवाज चढला होता.

"लग्नं झाली असतील, दात आले असतील, मी नाही म्हणत नाही! पण पाचव्या वर्षी काय? त्या साली यांच्या घरात पोर मेलं. पोर गेलेल्या घरी कुणी पंगत घालतं का साहेब? ही बाई हिकमती आहे, हिचं नावच पडलंय ते. हे साल हिनं आता रचलंय."

"मी जेवले होते," सुईण म्हणाली.

"हिला काल काय खाल्लं ते आठवत नाही, साहेब! हिनं माझ्या बायकोला मुलगा होईल सांगितलं, झाल्या दोन मुली!"

पुन्हा लोक हसले. मोजणीदारानं पेन थांबवलं. "साल रिकामं निघालं तर मला पुढं जाता येणार नाही," तो म्हणाला. "ज्यांचं मूल गेलं त्या कुठं आहेत?"

सगळ्यांची तोंडं तारेकडे वळली. थोरली कावड घेऊन उभी होती. ओली घडी खांद्यावरून घसरली होती आणि फुटलेले फोड उघडे पडले होते. आईनं तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, हिशेब होता, ही येणार याची खात्री होती, आणि त्या खात्रीनंच थोरलीचं डोकं भडकलं.

तिनं कावड उतरवली. तारेत पदर अडकला तो तिनं ओढून फाडून घेतला आणि आत आली.

"तुमचं मूल होतं?" मोजणीदारानं विचारलं. त्याचा आवाज मऊ झाला होता.

"माझी मुलगी होती. नऊ दिवसांची."

"तिचं जेवण झालं होतं इथं? त्याच साली?"

"झालं होतं. दुधात भिजवलेला पाव. कुणी चावायचं नाही असं ठरलं होतं. इथं बसलेल्यांपैकी ज्यानं ज्यानं खाल्लं त्यांनी सांगावं, चावलं का."

मग लोहार खाकरला. "नाही चावलं," तो म्हणाला. "खरंय साहेब. ते आठवतंय मला." सुतारानं मान हलवली. मागून आणखी दोघं-तिघं बोलले. कोण कुठं बसलं होतं ते सांगायला लागले. काकाच्या बाजूचा त्याचा मेहुणा, तोसुद्धा खाली बघत म्हणाला, "मी होतो." काकानं त्याच्याकडे असं बघितलं, की कच्चा खाईल.

मोजणीदारानं लिहिलं. पुढची सालं भराभर उरकली. साखळी टाकून पट्टा मोजला, आणि मग तो पुन्हा स्टुलावर बसला.

"दहा सालं भरली. आता नाव सांगा. पट्टा कुणाच्या वापरात होता? एकच नाव."

"लिहा," आई पुढं झाली, "माझा मुलगा..."

"माझ्या," थोरली म्हणाली.

मोजणीदारानं मान वर केली.

"काय म्हणालात?"

"पट्टा माझ्या वापरात होता. विचारा यांना. दहा वर्षं इथं वाढलं कुणी? सरपण कुणी फोडलं, पीठ कुणी मळलं, पंगत उठल्यावर इथली खरकटी कुणी काढली? सासरी होते तेव्हासुद्धा दर जेवणाला चालत आलेय. घरची रीतच आहे आमच्या. वाढायचं ते लेकीनं. आमच्या आईलाच विचारा ना, सासूच्या सासूपासूनची रीत आहे म्हणते ती." ती धाकट्याकडे वळली. "आणि यानं दहा वर्षांत एकदा तरी पळी हातात धरली असेल, तर कुणीही सांगावं. मी याचं नाव लावायला मोकळी आहे."

"खरंय," सुतार म्हणाला. "वाढायला हीच असते."

"हीच असते," लोहार म्हणाला.

"आई, बोल ना काहीतरी!" धाकटा ओरडला. "ही काय बडबडतेय! आई!"

मोजणीदार आईकडे बघत होता. "आई, मुलगी म्हणते ते खरं आहे का? तुमची हरकत असेल तर तसं लिहितो. मग सगळ्याच साक्षी पुन्हा घ्याव्या लागतील."

काका एकदम सावध होऊन पुढं सरकला. साक्षी पुन्हा! त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. आईनं काकाकडे बघितलं, मग मुलाकडे, मग मुलीकडे.

"खरं आहे," ती म्हणाली. "वाढते तीच."

आणि तिनं कागदावर अंगठा दिला. धाकटा तरातरा निघून गेला. काका काहीबाही बोलत राहिला, वर अर्ज करीन म्हणाला, बघून घेईन म्हणाला, पण मोजणीदार साखळी गुंडाळत होता आणि लोक उठायला लागले होते. तार संध्याकाळपर्यंत काढायची असं सांगून तो सायकलवर बसला. त्यानं जाताना थोरलीच्या खांद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "त्याला हळद लावा बाई."

विहिरीपाशी दोघीच उरल्या. दुपारचं ऊन डोक्यावर आलं होतं.

"चांगलं केलंस," आई म्हणाली. टोमणा होता की कौतुक, ते कळत नव्हतं. "भावाच्या ताटातलं ओढलंस."

"त्याच्या ताटात कधी नव्हतंच ते. मी वाढलेलं होतं." दोन दिवसांचं सगळं थोरलीच्या तोंडाशी आलं होतं. "आई, मला सांगितलं का नाहीस? तेव्हाच सांगायचं होतंस, की बाई, पोर गेली, पण वर्ष रिकामं चाललंय, आपल्याला पट्टा राखायचाय, ऊठ आणि वाढ. मी वाढलं असतं! रडत रडत वाढलं असतं. मी काय नाही म्हणाले असते? घर माझं नव्हतं का? मला फसवायची काय गरज होती?"

"सांगितलं असतं तर तू रडली नसतीस," आई म्हणाली.

"काय?"

"रागावली असतीस, आत्ता रागावलीस तशी. दात-ओठ खात वाढलं असतंस. लोक खाऊन गेले असते नि विसरले असते. आज बघितलंस ना? तुझ्या लग्नाचं जेवण कुणाला आठवत होतं? एवढं मी केलं होतं! तुझ्या पोरीचं बघ, त्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांना आठवलं. तू मनापासून रडलीस म्हणून आठवलं. पोर गेलीच होती गं. विहीरही जाणार होती. एक तरी राहू दे, म्हटलं."

थोरलीचा हात वर गेला. आईनं तो बघितला आणि जागची हलली नाही. मार, म्हणत असल्यासारखी उभी राहिली. थोरलीनं हात खाली घेतला. मारलं तरी तेसुद्धा हिच्याच कामी यायचं, असं तिला वाटलं.

"आता ऐक," ती म्हणाली. "या पट्ट्यात पाऊल टाकायचं तर मला विचारून टाकायचं. तू, धाकटा, सगळ्यांनी. विहिरीवरसुद्धा."

"बरं," आई म्हणाली. मग काकानं विहिरीवर टाकलेला दोर उचलत, अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मग विचारते. दोन घागरी काढू का? कांदा करपतोय."

हसू यावं अशीच बाई होती ती. दुसऱ्या एखाद्या दिवशी थोरली हसलीही असती.

"काढ," ती म्हणाली. "पण आधी तिचं नाव सांग."

"कुणाचं?"

"माझ्या पोरीचं. चौथ्या दिवशी मी तिला नाव ठेवलं होतं. तुलाच सांगितलं होतं, कानात. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं."

आईचे ओठ हलले. तिला सगळं आठवत होतं. त्या दिवशी कोण कुठं बसलं, मध किती घातला, लोहाराच्या बायकोनं पदर कसा तोंडाला लावला. ती कपाळाला आठ्या घालून विहिरीकडे बघत राहिली. एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. दोर तिच्या हातात लोंबत होता. थोरलीनं बराच वेळ वाट बघितली, मनातून अगदी जीव टाकून वाट बघितली.

मग तिनं तो दोर आईच्या हातातून काढून घेतला.

"आठवलं की ये पाण्याला," ती म्हणाली. "तोवर ओढा आहे."